सुई सोडून सगळं

इंजेक्शन म्हटलं की डोळे गच्च मिटून घ्यायचे, ही लहानपणापासूनची सवय. आता इंजेक्शनच डोळ्यात म्हटल्यावर माणसानं मिटायचं तरी काय?

झालं असं, की दाराची चौकट मला मधोमध पोट सुटल्यासारखी दिसायला लागली. डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन, काढून पडद्यामागची भानगड दाखवली. वयोमानानं तिथे नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि पाझरत होत्या.

"यावर गोळी नाही का?" मी आशेनं विचारलं.

"नाही काका. इंजेक्शन. सुरुवातीला महिन्याला एक, अशी तीन. मग बघू."

डॉक्टरांच्या 'मग बघू'ला मी फार भितो.

औषधाची कुळकथा त्याहून भारी. बेव्हॅसिझुमॅबला 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन ते अडवतं, तेव्हा डोळ्यातल्या का नकोत, असं म्हणून नेत्रतज्ज्ञांनी ते वापरून पाहिलं आणि लागू पडलं. मागून खास डोळ्यांसाठी म्हणून दुसरी औषधं आली, तरी हे आतड्याकडून आलेलं आपलं टिकून आहे. ही माहिती मी घरात सांगितली आणि पस्तावलो. आता प्रत्येक इंजेक्शननंतर "पोट कसं आहे?" अशी चौकशी होते.

प्रत्यक्ष दिवशी छळ सुरू होतो तो प्रश्नानं. "कुठला डोळा?" नर्स विचारते, मदतनीस विचारतो, डॉक्टर विचारतात. भुवईवर पेनानं खूण केलेली असते, तरी विचारतात. विचारायलाच हवं, हे पटतं. पण इतक्या जणांनी विचारल्यावर आपल्यालाच उजवं-डावं आठवेनासं होतं.

मग बधिर करणारे थेंब, आणखी थेंब, आणि बेटाडीन. या बेटाडीनबद्दल कुणी आधी सांगत नाही. सगळे सुईला घाबरवतात, आणि खरी आग होते ती याची, तीही संध्याकाळपर्यंत. त्यावर पापण्या फाकवून ठेवणारा चिमटा. म्हणजे मिटायचा प्रश्न डॉक्टरांनीच निकालात काढलेला असतो.

"वर बघा. हलू नका." बुबुळाच्या कडेपासून 3.5 ते 4 मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, दाब आल्यासारखं वाटतं. औषध 0.05 मिलिलिटर. "झालं!" मी नखं रुतवून पकडलेली खुर्ची सोडेपर्यंत ते पुढच्या पेशंटकडे वळलेले असतात.

नंतर कधी नजरेत खाली काळा गोल बुडबुडा डुचमळतो. सुईबरोबर गेलेली हवा. ती डोळ्यात वर जाते, पण पडद्यावर चित्र उलटं पडत असल्यामुळे आपल्याला खाली दिसते. एक-दोन दिवसांत विरते. दुखायला लागलं किंवा नजर कमी झाली, तर मात्र उद्यावर न ढकलता डॉक्टरांना गाठायचं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर थांबत नाही.

घरी आम्सलरचा तक्ता चिकटवलाय. चौकटी-चौकटींचा, मध्ये ठिपका. रोज एकेक डोळा झाकून रेघा वाकल्यात का बघायचं. परवा एक पाहुणे त्यापुढे बराच वेळ उभे राहिले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "आडवे शब्द कुठे दिलेत?"