आई-बाबांना जंगलात न्या, वाघाचं नंतर बघू

"या वयात त्यांना जंगलात कशाला दगदग?" दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग ठरतं ते असं: आजी-आजोबांना ओंकारेश्वर-महेश्वर घडवून आणायचं आणि आपण मुलांना घेऊन कान्हा नाहीतर पेंच गाठायचं. म्हातारपणी देवदर्शन आणि तरुणपणी जंगल ही वाटणी मला अजिबात पटत नाही. ज्यांना आवाजावरून पाखरू ओळखता येतं, ज्यांच्याकडे नातवंडांच्या न संपणाऱ्या प्रश्नांसाठी सवड असते, नेमक्या त्याच माणसांना आपण घरी ठेवून जातो. आणि गाडीत मुलं कुरकुरायला लागली की त्यांच्या हातात मोबाइल देतो.

याचं मूळ वाघात आहे. सगळा बेत वाघाभोवती आखला की पहाटे चारला उठा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही सफाऱ्या करा, 'कॉल' (वाघाची चाहूल लागली की इतर प्राणी देतात तो इशारा) आला की सफारीची जिप्सी पिटाळा, हे ओघानंच येतं. त्या धावपळीत चार वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीचे आजोबा दोघंही अडचणीचे वाटायला लागतात. म्हणून मी आमच्या घरात आधीच सांगून टाकलं होतं की आपण वाघ बघायला जात नाही, जंगलात राहायला जातोय. दिसला तर नमस्कार करू.

भाऊबीज आटोपून आम्ही मढईला गेलो. सासू-सासरे म्हणजे आमचे आई-बाबा, आम्ही दोघं, मोठी दुसरीतली आणि धाकटा बालवाडीतला. मढई म्हणजे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं सोहागपूरकडचं दार. सातपुड्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1981 मध्ये मिळाला. त्यातला बोरीचा भाग तर 1865 पासून राखीव जंगल आहे. इथले वाघ लाजरे आहेत, बांधवगडसारखे रस्त्यावर येऊन बसत नाहीत, त्यामुळे जिप्सींची झुंबडही नसते. घरातल्या म्हाताऱ्या-लहानांसाठी हीच मोठी सोय आहे असं मी म्हणेन.

जंगलात शिरायचं तर आधी देनवा नदी ओलांडावी लागते. तवा धरणाच्या फुगवट्यामुळे तिचं पात्र इथे चांगलंच रुंद झालंय, आणि पलीकडे बोटीनंच जायचं. बोट संथ, पाणी संथ. काठाच्या चिखलात नारिंगी-तपकिरी पाखरांची जोडी उभी होती. गाइड म्हणाला, "सुर्खाब." आई लगेच म्हणाल्या, "अगं बाई, हे तर चक्रवाक!" आणि तिथल्या तिथे मोठीला चक्रवाकाची गोष्ट सुरू झाली. दिवसभर बरोबर राहणारी ती जोडी, रात्र झाली की नदीच्या दोन काठांवर ताटातूट, मग रात्रभर एकमेकांना मारलेल्या हाका. आईंनी आयुष्यभर कवितेतच ऐकलेला पक्षी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, तोही नातीच्या शेजारी बसून. गाइडनं भर घातली की हे पाहुणे थंडीत उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतात. मोठीनं विचारलं, "मग ते रात्री कुठे थांबतात?" यावर आजी, गाइड आणि नात यांची जी चर्चा रंगली, ती आम्ही दोघं नुसती ऐकत होतो.

जिप्सीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथे येते. तिची पायरी उंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढणं जड जातं आणि चारचौघांत ओढून चढवून घेणं त्यांना नकोसं वाटतं. आम्ही मुक्कामाच्या ठिकाणाहून एक बुटकं लाकडी स्टूल मागून घेतलं, प्रश्न मिटला. ज्येष्ठांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. सगळ्यात मागची रांग चाकांवर येते, हादरे तिथेच जास्त बसतात. तिथे आपण बसायचं. पहाटेच्या सफारीला उघड्या गाडीत वारा अंगाला झोंबतो, तेव्हा कानटोपी आणि पायांवर घ्यायला घोंगडी हवीच. मधुमेह असेल तर नाश्त्याची वेळ टळता कामा नये. पराठ्याचा डबा आणि गोळ्या आपल्या हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. आणि हे स्पष्टच लिहिते: आत मनाला येईल तिथे उतरता येत नाही. बीपीच्या ज्या गोळीनं वारंवार लघवीला जावं लागतं तिची वेळ बदलता येते का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. या एका भीतीपोटी कितीतरी आया "तुम्ही जाऊन या, मी बसते खोलीवर" म्हणतात. त्या मागे का राहतात हे कोणी विचारत नाही, आणि त्या आपणहून सांगत नाहीत.

दिवसातून एकच सफारी, उरलेला वेळ मोकळा, असा आम्ही नियम केला. एक दिवस तर सफारीच नाही. या मोकळ्या वेळात जे घडलं ते मला सफारीइतकंच मोलाचं वाटतं. आवाराच्या कडेला सागाचं रोप होतं. आईंचं माहेर बडवाहचं, सागवानातलंच म्हणा ना. त्यांनी शेंड्याचं कोवळं पान खुडून धाकट्याच्या तळहातावर चोळलं आणि तळवा लालभडक झाला. तो आधी घाबरला, मग दुसरा हात पुढे केला, मग बाबांचा हात ओढून आणला. संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्यांचे हात रंगलेले. (आवारातलं पान होतं म्हणून खुडलं, जंगलाच्या आत काडीलाही हात लावायचा नाही, हे आईंनीच मुलांना बजावलं होतं.)

सफारीत शेकरू दिसली. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी आपल्या सातपुड्यातही सुखानं नांदतो. गवे दिसले, पिल्लांना घेऊन निघालेली अस्वलीण लांबून दिसली. एका वळणावर गाइडनं गाडी बंद करायला लावली. झाडावरचा वानर खोकल्यासारखा आवाज काढत होता, खाली चितळांनी माना ताठ केल्या होत्या. धाकट्यानं कुजबुजत विचारलं, "आजोबा, माकडाला सर्दी झालीय?" बाबांची सगळी नोकरी इंदूरच्या कापड मिलमध्ये गेली. ते म्हणाले, "नाही रे, हा इथला भोंगा आहे. वरच्याला लांबचं दिसतं, म्हणून तो वाजवतो. खालचे त्यावर विश्वास ठेवतात." मग त्यांनी त्याला हेही सांगितलं की वानर झाडावर खाता खाता पाला आणि फळं खाली टाकतात, ती चितळं खातात, म्हणून हे दोघं इतक्या वेळा एकत्र दिसतात. वाघ काही आला नाही. पण मुलं अजूनही छतावर माकडं ओरडली की खिडकीशी धावतात आणि "कॉल आहे, कॉल आहे" करतात.

परतताना भीमबेटका केलं. नर्मदापुरम-भोपाळ रस्त्यावरून थोडंसंच आत वळायचं असतं, तरी इंदूरचे किती लोक ते टाळून पुढे जातात! आपल्या मालव्यातल्याच विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये या शैलाश्रयांचा, म्हणजे आदिमानवाची चित्रं असलेल्या खडकांतल्या निवाऱ्यांचा, शोध लावला, 2003 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. वाट आखलेली आहे, सावली आहे, आजी-आजोबांना सावकाश जमतं. एका खडकावर हत्ती, हरणं, गवे अशी प्राण्यांची नुसती गर्दी रंगवलेली आहे. आदल्याच दिवशी खरा गवा पाहिलेली मुलं तिथून हलायला तयार नव्हती. म्हणून म्हणते, मढई आधी आणि भीमबेटका नंतर, हाच क्रम ठेवा.

ज्यांच्या घरी सहा-सात तासांचा प्रवास खरंच झेपणार नाही, त्यांनी इंदूरजवळच्या चोरलकडे जावं, किंवा पातालपानी-कालाकुंडची हेरिटेज रेल्वे सुरू असेल त्या दिवसांत तिनं जावं. घाट, बोगदे, झाडी, आणि कालाकुंडला उतरल्यावर कलाकंद. संध्याकाळी घरी. तेही जंगलच आहे.

एक मागणी मात्र मनापासून करते. जंगलांच्या प्रवेशद्वारांशी स्वच्छ, कमोड असलेलं स्वच्छतागृह, बसायला पाठ टेकता येईल असा बाक आणि जिप्सीत चढायला दोन पायऱ्यांचा जिना, एवढं प्रत्येक ठिकाणी असायलाच हवं. याला मोठा खर्च नाही. तिकीट काढताना प्रत्येक प्रवाशाचं वय आपण भरून देतोच, म्हणजे गाडीत ज्येष्ठ नागरिक आहेत हे आधीच कळलेलं असतं. चढायला जिना नाही म्हणून कोणाची आजी गेटवरून परत फिरू नये.

जंगलाचा कोअर, म्हणजे आतला भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो आणि बुधवारी दुपारची सफारी नसते, हे धरून तारखा ठरवा. दिवाळी ते जानेवारी हा काळ म्हाताऱ्यांना सोसतो. एप्रिल-मेचं ऊन नको. खोली तळमजल्यावरचीच मागा आणि फोनवर विचारून घ्या की दारापर्यंत पायऱ्या किती. कोणी आई-बाबांना घेऊन मढईला निघत असाल तर मला मेसेज करा, आम्ही कुठे थांबलो, डबा काय नेला, सगळं सांगते.