डोंगराला बेहडा हवाय, गुलमोहर नको

पाऊस सुरू झाला की आमच्या पाटण भागात वृक्षारोपणाचे फोटो यायला लागतात. त्यातली रोपं जरा नीट बघा. गुलमोहर, रेन ट्री, नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. डोंगर हिरवा दिसेल, पण रानातल्या जिवांच्या पोटात त्यातलं काय जाणार? कोयना-चांदोलीच्या कडेनं झाड लावायचं तर बेहडा लावा, हिरडा लावा, बिब्बा लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही बेहडा. थंडी सरत आली की एखाद्या जुन्या बेहड्याखाली जाऊन बघा. मातकट रंगाची, मखमली सालीची फळं खाली पडलेली असतात. वरून वानरांनी अर्धीमुर्धी खाऊन टाकलेली. खाली भेकर येतं, सांबर येतं. ही जनावरं रवंथ करणारी. ती फळ अख्खं गिळतात, गर पचवतात आणि आतली टणक बी रवंथ करताना तोंडातून बाहेर टाकतात. म्हणून झाडापासून बऱ्याच लांब, जनावरं जिथं निवांत बसतात तिथं, स्वच्छ बियांचा ढीग सापडतो. बेहडा डोंगरभर पसरतो तो असा.

त्यातली एखादी बी हातात घेऊन बघा. बाजूला भोक, भोकाच्या कडेला दातांच्या बारीक खाचा आणि आतला मगज गायब. हे काम उंदराचं, नाहीतर साळिंदराचं. लहानपणी आम्हीही दगडानं बी फोडून मगज खायचो. चवीला बदामासारखा, पण जास्त खाल्ला की डोकं गरगरतं, म्हणून घरचे ओरडायचे. बेहड्याखाली थांबू नये असंही म्हातारी माणसं सांगायची. नळराजाच्या गोष्टीत कली याच झाडात शिरला होता ना!

शेकरू आपला राज्यप्राणी. फळं, बिया, कवचाची फळं यांवर जगणारा हा जीव जमिनीवर सहसा उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत जातो. त्याला झाडाला झाड भिडलेलं लागतं. मालकीच्या रानात कोळशासाठी, जळणासाठी तोड झाली आणि मधली चार मोठी झाडं गेली, तर त्याची वाटच बंद होते. कोयना अभयारण्य 1985 साली झालं, चांदोली राष्ट्रीय उद्यान 2004 साली, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण शेकरूला नि भेकराला ती हद्द कुठं कळते? हद्दीबाहेरची मालकी रानंही त्यांचीच आहेत. आणि वाघ टिकवायचा म्हणता, तर वाघ खातो सांबर आणि सांबराला बेहडा लागतो, एवढं तरी ध्यानात घ्या.

शिराळ्याकडचे शेतकरी म्हणतील, आधी आमच्या उसातली रानडुकरं आणि गवे आवरा. त्यांचा राग खरा आहे. रात्र रात्र राखण करायची आणि सकाळी पीक आडवं झालेलं बघायचं, हे सोपं नाही. नुसत्या बेहड्यानं हे थांबेल असा माझा दावा नाही. भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, कुंपणाला मदत मिळाली पाहिजे. पण डोंगरातलं खाणं आपणच तोडत राहिलो, तर जनावर खाली यायचं कमी कसं होणार? घाटात गाडी थांबवून वानरांना बिस्किटं टाकणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, ते बंद करा. त्यानं वानरं रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात.

आमच्याकडच्या एका रोपवाटिकेत बेहड्याची रोपं मागितली तर उत्तर मिळालं, "कुणी नेतच नाही, म्हणून करत नाही." मग आपणच मागू या. ग्रामपंचायत, शाळा, तरुण मंडळं, सगळ्यांनी पुढच्या पावसाळ्यासाठी आतापासूनच बेहडा-हिरड्याची मागणी लेखी द्या. ज्यांना घरी रोपं करायची आहेत त्यांनी उन्हाळ्याआधी बिया गोळा करून ठेवा. फक्त एका झाडाखालच्या सगळ्या उचलू नका, निम्म्याहून जास्त तिथंच राहू द्या.