‘क्वालिटी कमी करून बफरिंग थांबत नाही’ : या मेसेजमध्ये काय चुकलंय

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : व्हिडिओ अडकत असेल तर क्वालिटी कमी करू नका, फरक पडत नाही, उगाच चित्र धूसर होतं. ऑटोवर ठेवा (म्हणजे क्वालिटी प्लेअरच ठरवेल), कॅशे, म्हणजे अ‍ॅपने साठवलेला तात्पुरता डेटा, साफ करा, पॉज करून व्हिडिओ लोड होऊ द्या; तरीही अडकला तर मोठा प्लॅन घ्या. यातला शेवटचा सल्ला दर महिन्याला खिशाला चाट लावतो, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘क्वालिटी कमी करून फरक पडत नाही.’ पडतो, आणि चांगलाच पडतो. १०८०पी, ७२०पी हे आकडे म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी; जास्त ओळी, जास्त स्पष्ट चित्र. यूट्यूबच्या शिफारशीनुसार १०८०पी ला साधारण ५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, नेटच्या स्पीडचं माप) लागतात, ७२०पी ला २.५, ४८०पी ला १.१ आणि ३६०पी ला ०.७. समजा, रात्री नऊला लाइनवर प्रत्यक्षात ४ एमबीपीएस येतायत आणि आतल्या खोलीत कुणाचा तरी ऑफिसचा व्हिडिओ कॉल दीड एमबीपीएस घेतोय. उरले अडीच. त्यात १०८०पी बसणारच नाही, ७२०पी अडखळत चालेल, ४८०पी निवांत चालेल.

प्लेअर व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे आधीच उतरवून ठेवतो. आपण पाहतो त्या वेगाने नवे तुकडे आले नाहीत की साठा संपतो आणि गोल चक्र फिरू लागतं. क्वालिटी उतरवली की प्रत्येक तुकडा हलका होतो आणि साठा टिकतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनचा ताण आला तेव्हा भारतातल्या मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८०पी च्या वर जायचं नाही असं ठरवलं, ते याच हिशेबाने.

‘चित्र धूसर होतं.’ स्क्रीनवर अवलंबून आहे. फोनवर ४८०पी आरामात चालतं. ३२ इंची टीव्हींपैकी बरेच ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे पडद्यावर मुळात १३६६ × ७६८ ठिपके. त्यावर १०८०पी मागवण्यात हशील नाही, ७२०पी भरपूर झालं. ५५ इंची टीव्हीवर मात्र ४८०पी मध्ये स्कोअरबोर्डची बारीक अक्षरं खरंच पुसट होतात. तिथे ७२०पी पर्यंतच उतरा.

‘ऑटोवरच ठेवा.’ लाइन स्थिर असेल तर ऑटो उत्तम. आपल्याकडे स्पीड वर-खाली होतो तिथे ते फसतं : दोन मिनिटं लाइन मोकळी झाली की ऑटो वरची क्वालिटी मागवतं आणि पुढच्या घसरणीत अडकतं. अशा वेळी यूट्यूबवर गिअरच्या चिन्हातून क्वालिटी, मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ४८०पी निवडा. ही निवड त्या व्हिडिओपुरतीच राहते. फोनवर कायमचं हवं असेल तर सेटिंग्जमधल्या व्हिडिओ क्वालिटीत वायफायसाठी डेटा सेव्हर ठेवा. हाताने निवडताना मोजलेल्या स्पीडच्या निम्म्यात बसेल तीच क्वालिटी घ्या, कारण मग प्लेअर स्वतःहून खाली उतरत नाही.

नेटफ्लिक्सवर हे ब्राउझरमधून, प्रत्येक प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये करावं लागतं. ‘मीडियम’ तासाला सुमारे ०.७ जीबी घेतं, म्हणजे सरासरी दीड एमबीपीएस. ‘हाय’वर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात. बदल दिसला नाही तर टीव्हीवर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा.

‘पॉज करून लोड होऊ द्या.’ हा जुन्या काळचा उपाय. आता प्लेअर ठरावीक मर्यादेपर्यंतच पुढचं उतरवून थांबतो. अर्धा तास पॉज ठेवून अख्खा सिनेमा साठत नाही. लाइव्ह मॅचमध्ये तर पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, त्यामुळे साठा मुळातच तुटपुंजा. तिथे क्वालिटी उतरवणं सगळ्यात जास्त कामी येतं.

‘कॅशे साफ करा.’ अ‍ॅप बंद पडत असेल किंवा टीव्हीची मेमरी भरली असेल तर करा. लाइनचा स्पीड त्याने वाढत नाही.

‘मोठा प्लॅन घ्या.’ आधी अडथळा कुठे आहे ते शोधा. रात्री नऊ-दहाच्या सुमारास लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून फास्ट डॉट कॉम या स्पीड मोजणाऱ्या साइटवर स्पीड बघा. मग केबल काढून, टीव्हीशेजारी उभं राहून वायफायवर बघा. केबलवर ४० एमबीपीएस आणि टीव्हीपाशी ३ आले, तर २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही टीव्हीपाशी फारसं काही बदलणार नाही.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती सिग्नल अडवतात. सिंहगड रोडसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचे डझनभर राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एकमेकांत मिसळतात. राउटर टीव्हीच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. ते भिंतीपलीकडे लवकर विरतं. लांब असेल तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा. सगळ्यात खात्रीचा उपाय कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची लॅन केबल थेट टीव्हीपर्यंत.

फास्ट डॉट कॉमवर अधिक माहिती उघडली की लेटन्सीचे, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचे, दोन आकडे दिसतात, मोकळ्या लाइनचा आणि भरलेल्या लाइनचा. २० वरून ४०० मिलिसेकंदांवर उडी असेल तर कुणाच्या तरी फोनचं फोटो बॅकअप वगैरे लाइन तुंबवतंय का ते पाहा. बॅकअप रात्री उशिरावर ढकला. महिनाअखेरीलाच त्रास होत असेल, तर प्लॅनची डेटा मर्यादा संपून स्पीड उतरवला गेलाय का, हे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तपासा.

यूट्यूबच्या ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ या तांत्रिक माहितीच्या चौकटीत ‘बफर हेल्थ’, म्हणजे उतरवून ठेवलेला साठा, सेकंदांत दिसतं. ते शून्याकडे घसरत असेल तर दोष लाइनचा किंवा वायफायचा. ते ३०-४० सेकंदांवर ठाम आणि तरीही चित्र झटके देतंय, ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ (दाखवता न आलेली चित्रं) वाढतायत, तर टीव्हीची चिप दमलीय. तिथेही क्वालिटी एक पायरी उतरवली की झटके कमी होतात. आणि केबलवरसुद्धा रोज रात्री प्लॅनच्या निम्माच स्पीड मिळत असेल, तर तारीख-वेळेसह तीन-चार दिवसांचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या.