बंड करा, पण साडेसहाला आटपा

१९५८ सालच्या ब्रिटनमध्ये रॉक अँड रोल गायक व्हायचंय ना तुम्हाला? मग आधी नाव बदलून घ्या. गाता येतं का, ते मागाहून बघू. रेजिनाल्ड स्मिथ नावाच्या माणसाकडे लोक फार तर विम्याचा हप्ता भरतील, त्याला बघून किंचाळणार कोण? म्हणून त्याचा मार्टी वाइल्ड झाला. टॉमस हिक्सचा टॉमी स्टील झाला, रॉय टेलरचा व्हिन्स ईगर. ही बारशी लॅरी पार्न्स नावाचे गृहस्थ करतात. आधी बायकांच्या कपड्यांच्या दुकानात होते, त्यामुळे कुणाच्या अंगावर काय खपेल याचा अंदाज पक्का. ऑक्टोबरात बर्कनहेडच्या थिएटरात रॉनल्ड वायचर्ली नावाचा, टगबोटीवर काम केलेला एक लाजाळू पोरगा आपली गाणी मार्टी वाइल्डला विकायला आला, तर पार्न्ससाहेबांनी त्यालाच त्या रात्री स्टेजवर ढकललं आणि बिली फ्युरी करून टाकलं. वाइल्ड म्हणजे रानटी, ईगर म्हणजे उतावळा, फ्युरी म्हणजे संताप. आडनावातच एवढं बंड भरून ठेवलं की वागण्यात आणायची गरज उरत नाही. रानटी, उतावळे आणि संतापी, तिघंही वेळेवर हजर.

नाव झालं, आता पत्ता. लंडनच्या सोहोमध्ये ५९, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट. पाटीवर ‘टू आइज’ वाचून दोन डोळ्यांचा नेत्रपेढीशी संबंध लावू नका. तो ‘आय’ हे इंग्रजी अक्षर, इराण्यांचं. फ्रेडी आणि सॅमी इराणी या भावांच्या आडनावावरून हे नाव पडलं. म्हणजे विलायतेतल्या रॉक अँड रोलचं जन्मस्थान म्हणून जे दाखवतात, ते मुळात इराण्याचं हॉटेल. ब्रून मस्का मागू नका मात्र, मिळणार नाही. इराण्यांकडून ते पॉल लिंकन आणि रे हंटर या दोन ऑस्ट्रेलियन पहिलवानांकडे गेलं. पैकी लिंकन आखाड्यात ‘डॉक्टर डेथ’ म्हणून उतरायचे. तेव्हा तळघरात तालीम चालते ती गाण्याची, एवढं लक्षात ठेवा. दुधाच्या क्रेटवर फळ्या टाकल्या की स्टेज झालं. जिना अरुंद, हवा नावाला, वर कॉफीच्या यंत्राची फुसफुस, आणि खाली इतकी दाटी की घाम कुणाचा ते विचारायचं नाही.

इथे नुसतं बसून राहा. बसून राहणं हीच पात्रता. न्यूकॅसलहून आलेले हँक मार्व्हिन आणि ब्रूस वेल्च असेच अर्धपोटी बसून होते. सप्टेंबरात एक मॅनेजर आला टोनी शेरिडन नावाच्या गिटारवाल्याला शोधत. शेरिडन जागेवर नव्हता. मार्व्हिन होता. मार्व्हिन म्हणाला, मी येतो, पण ब्रूसलाही घ्या. पुढे जाऊन जे दोघे शॅडोज या बँडमध्ये गाजले, त्यांची नेमणूक अशी गैरहजेरीतून झाली.

वाद्याची चिंता नको. अमेरिकन गिटारच्या आयातीवर निर्बंध आहेत, ते पुढच्या वर्षीपर्यंत काही उठत नाहीत, तेव्हा फेंडर फक्त फोटोत बघा आणि जर्मन नाहीतर झेक गिटार हप्त्यावर घ्या. तेही परवडत नसेल तर घरगुती वस्तूंवर वाजवायचं स्किफल आहेच: चहाच्या रिकाम्या पेटीला काठी आणि दोरी बांधली की खर्जाचं बास वाद्य, आणि कपडे घासायच्या पत्र्यावर आईचं अंगुस्तान फिरवलं की ताल. आईची परवानगी घ्या. परवानगी या विषयाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता गाणं. स्वतःचं लिहायच्या भानगडीत पडू नका. शहाणा माणूस अमेरिकेत काय चाललंय ते बघतो आणि तेच घाईघाईने इकडे रेकॉर्ड करतो. एन्फील्डच्या एका कारखान्यात कारकुनी करणाऱ्या हॅरी वेबचंही तेच ठरलं होतं. लखनौला जन्मलेला हा मुलगा १९४८ साली कुटुंबासह मुंबईहून ‘रांची’ बोटीने विलायतेला आला. आता त्याचं नाव क्लिफ रिचर्ड. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या नॉरी पॅरामोर यांनी त्याच्यासाठी ‘स्कूलबॉय क्रश’ हे अमेरिकेत आधीच गायलं गेलेलं सोज्वळ गाणं काढून ठेवलं. तबकडीला दुसरी बाजू असतेच, ती रिकामी कशी ठेवणार, म्हणून त्याच्या बँडमधल्या इयन सॅमवेलने ग्रीन लाइनच्या बसमध्ये बसून लिहिलेलं ‘मूव्ह इट’ मागे टाकलं. त्याचं दुसरं कडवंसुद्धा लिहून झालेलं नव्हतं. मग? पहिलंच पुन्हा गायलं. सोलो वाजवायला स्टुडिओतला अनुभवी गिटारवाला बसवला, कारण पोरांवर विश्वास किती ठेवायचा. २९ ऑगस्टला तबकडी आली, लोकांनी ती उलटी करून ऐकली, आणि मागची बाजू दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. तेव्हा माझं ऐका, पुढच्या बाजूवर मेहनत घ्या आणि मागची बाजू बसप्रवासात उरका.

यात जॅक गुड यांचा हात मोठा. ऑक्सफर्डचे पदवीधर आणि शनिवारच्या ‘ओह बॉय!’ या कार्यक्रमाचे निर्माते. हे बाजू उलटी करूनच ऐकायचं असं त्यांनी बजावलं, आणि मग क्लिफला कार्यक्रमात घेताना दोन अटी घातल्या: कल्ले काढ आणि गिटार खाली ठेव. नजर कुठे रोखायची, दंड कधी धरायचा, ओठ केव्हा मुडपायचा, सगळं बसवून घेतलं. आपल्याकडे लावणीतली अदाही इतकी घोटून घेत नसतील. हॅकनी एम्पायर थिएटरातून संध्याकाळी सहाला थेट प्रक्षेपण, साडेसहाला बंड समाप्त. तुम्ही टीव्हीसमोर बसून समाजव्यवस्था उलथवताय आणि आतून हाक येते, पानं घेतलीत. तरीही डिसेंबरात न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाला क्लिफच्या कंबरेच्या हालचाली असभ्य वाटल्याच. दिग्दर्शकाने बरहुकूम बसवलेल्या कंबरेचं इतकं चीज क्वचित होतं.

खरं वादळ हवंय, असं म्हणू नका. मे महिन्यात अमेरिकन रॉक अँड रोलवाला जेरी ली लुईस आला, विमानतळावर वार्ताहरांनी सोबतच्या बायकोचं वय विचारलं. पंधरा सांगितलं, निघालं तेरा. सदतीस कार्यक्रमांचा दौरा तीनांत गुंडाळला. ते बरंच झालं, आणि इथे मला चेष्टाही सुचत नाही. ऑक्टोबरात शिकागोहून ब्लूज गाणारे मडी वॉटर्स आले. ब्लूज म्हणजे दुःखी माणूस आणि साधी गिटार, अशी जाणकारांची समजूत. त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणून आवाज चढवला, जाणकार दुखावले. पाहुण्याने यजमानाच्या कल्पनेतलं दुःखच सोबत आणावं, हा साधा शिष्टाचार.

शेजाऱ्यांबद्दलही जाणून घ्या. ‘मूव्ह इट’ बाजारात आलं त्याच्या लगेचच्या शनिवार-रविवारी नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या पोरांची टोळकी वेस्ट इंडीजहून आलेल्यांच्या घरांवर चालून गेली. केसांचा कोंबडा तोच, लांब कोट तोच, खिशातल्या पैशांनी विकत घेतलेल्या तबकड्यांचं मूळही त्याच काळ्या माणसांचं. ताल आपला म्हणायचा, माणूस परका. ही कला आपल्यालाही अगदीच नवी नाही, तेव्हा शिकायला वेळ लागणार नाही. त्या वर्षीच्या चार्टवर ‘गर्ल ऑफ माय ड्रीम्स’वाला टोनी ब्रेंटही होता, रेजिनाल्ड ब्रेटेन, जन्म भायखळा. त्याने मात्र रॉकच्या वाटेला न जाता कोट-टाय घालून गोड गळ्याने गायचं धोरण ठेवलं. भायखळ्याचा माणूस, व्यवहार कळतो.

शेवटी भविष्याची सोय. रॉक अँड रोल दोन वर्षांत संपणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नाच, विनोद, कुटुंबासह बघता येईल असं सगळं शिकून ठेवा. टॉमी स्टीलकडे बघा. १९५६ मध्ये एल्व्हिसला ब्रिटनचं उत्तर म्हणून त्याला उभं केलं, आणि १९५८ च्या डिसेंबरात तो लंडनच्या कोलिझियममध्ये ‘सिंड्रेला’त बटन्स नावाचा नोकर झाला. राजपुत्र दुसराच कुणीतरी. नायिकेलाही बाराच्या आत घरी पोहोचायची सक्ती. तुम्ही जाणार असाल तर दुपारच्या खेळाची तिकिटं काढा आणि आजीला जिना चढावा लागणार नाही अशी रांग मागून घ्या.