‘हे झाड कोणताच मासा खात नाही’: त्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सिल्व्हर डॉलर, मोठे गोल्डफिश, टिनफॉइल बार्ब असे झाडं खाणारे मासे असले तरी हिरवागार टँक करता येतो, असं तो म्हणतो आणि पाच गोष्टी सांगतो. अनुबियास, जावा फर्न आणि व्हॅलिस्नेरिया लावा, ही तीन झाडं कोणताच मासा खात नाही. माशांना पोटभर दाणे द्या, मग ते झाडांना तोंड लावणार नाहीत. झपाट्याने वाढणारी झाडं लावली की खाल्लेलं आपोआप भरून निघतं. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडू नका, ती विषारी असतात. आणि झाडं भरपूर असली की पाणी बदलावं लागत नाही.

टँक हिरवा करता येतो, एवढं खरं आहे. बाकीचं वाचून लोक झाडं आणतात, महिन्याभरात नुसते देठ उरतात आणि मग मासे ‘उपद्रवी’ ठरवून कुणालातरी देऊन टाकतात. त्यात माशांचा काहीच दोष नसतो, म्हणून हे लिहितोय.

‘ही तीन झाडं कोणताच मासा खात नाही.’

अनुबियास सुरण-अळूच्या कुळातलं. अळू ज्यामुळे खाजतो ते कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक याच्याही पानांत असतात, शिवाय पान चामड्यासारखं चिवट. त्यामुळे मासे ते टाळतात, हे बरोबर. पण कोणतं पान टाळतात?

माझ्याकडे सहा सिल्व्हर डॉलर होते. लाकडावर बांधलेल्या अनुबियासची पानं तीन महिने जशीच्या तशी होती आणि मी खुशीत होतो. मग लक्षात आलं की तीन महिन्यांत एकही नवीन पान दिसलेलं नाही. एका सकाळी टँकसमोर बसून राहिलो. आडव्या खोडाच्या टोकाला नवं पान आलं होतं, गुंडाळीसारखं, फिकट पोपटी, नखाने दाबलं तर चिरडेल इतकं कोवळं. एक मासा आला, अंग थोडं तिरकं केलं, एक झटका दिला आणि पान गेलं. अर्ध्या सेंटिमीटरचा देठ तेवढा उरला. शेजारचं जुनं पान त्याने हुंगलंही नाही.

म्हणजे झाड टिकलेलं दिसत होतं, पण ते म्हातारं होत चाललं होतं. जुन्या पानांवर शेवाळ चढतं, ती पिवळी पडतात आणि त्यांची जागा घ्यायला मागे कुणी नसतं. अनुबियास वाढतंच इतकं सावकाश की हा ऱ्हास कळायला वर्ष लागतं. यावर मला एकच उपाय खात्रीने लागू पडलेला दिसला: खोडाचं वाढतं टोक माशाच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवायचं. सिल्व्हर डॉलर थाळीसारखा उंच असतो, अरुंद फटीत त्याला शिरता येत नाही. दोन ओंडक्यांच्या बेचक्यात टोक आतल्या बाजूला वळवून झाड बांधलं की नवं पान फटीतच उलगडतं आणि बाहेर येईपर्यंत निबर झालेलं असतं. रोपही लहान आणू नये. आठ-दहा निबर पानांचं, दोन-तीन फुटवे असलेलं एकच मोठं झाड चार लहान रोपांपेक्षा जास्त तग धरतं.

जावा फर्नला बहुतेक मासे खरंच फारसं तोंड लावत नाहीत. ते मरतं ते बऱ्याचदा आपल्या हातून. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, आणि नाव माशांचं होतं. अनुबियासचंही तसंच. दोन्ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची, नाहीतर सुपरग्लूच्या जेलने चिकटवायची. फर्नच्या पानामागचे तपकिरी ठिपके बघून घाबरू नये, ते बीजाणूंचे पुंजके असतात.

व्हॅलिस्नेरिया मात्र या यादीत कशी आली ते मला समजत नाही. तिची पानं फितीसारखी मऊ. सिल्व्हर डॉलर ती मधूनच कातरतात, तुकडे वर तरंगतात आणि फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. सकाळी पाण्याचा आवाज बदललेला ऐकू आला की समजायचं, रात्री कापणी झाली. गोल्डफिशबरोबर ती कधीकधी टिकते, पण मासे सोडायच्या आधी महिना-दोन महिने तिला मुळं धरायला मिळाली असतील तरच.

इथे मेसेज एक मोठी गोष्ट विसरतो. झाड खाणारा मासा वेगळा आणि उपटणारा वेगळा. गोल्डफिश वाळूचा घास तोंडात घेतो, चाळतो, थुंकतो. दिवसभर हेच चालू असतं, त्यात मुळं सैल होतात. ऑस्कर नावाच्या माशाला पानांत रस नसतो, तरी मनासारखी जागा करायला तो झाड उचकटून फेकतो. उपटणाऱ्यांसाठी दगडावर बांधलेलं झाड पुरतं. उआरू किंवा जायंट गुरामी यांच्यासारखा झाडं खाणारा मोठा मासा ठेवायचा असेल तर बांधून काही साधत नाही. त्यांच्या टँकमध्ये पाण्याखालची बाग करायचा हट्ट मी तरी सोडून दिला असता.

‘पोटभर दाणे द्या, मग झाडांना तोंड लावणार नाहीत.’

गोल्डफिश आणि बार्ब ज्या कुळातले, त्या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. ‘आता पोट भरलं, संध्याकाळी बघू’ असं त्यांच्या शरीराचं गणित नाही, ते दिवसभर थोडं थोडं चरतात. याच कुळातला गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, तलावांतलं पाणगवत कमी करण्यासाठी मुद्दाम सोडला जातो, यावरून या कुळाची भूक लक्षात यावी. मूठभर दाणे जास्त टाकले तर झाड वाचत नाही; न खाल्लेले दाणे कुजतात, अमोनिया वाढतो आणि माशांनाच त्रास होतो.

दाव्यात खऱ्याचा अंश आहे, तो नाकारत नाही. हिरवं दिलं तर फरक पडतो. पालक, लेट्यूस, काकडी, झुकिनी, सोललेले वाफवलेले मटार यांपैकी काहीतरी रोज दिलं की चरण्याचा जोर त्याकडे वळतो. पालकाची जुडी दगडाखाली दाबून ठेवली की सिल्व्हर डॉलर तासाभरात देठ साफ करतात. ते बघण्यात आनंद आहे. पण त्यानंतर कोवळं पान दिसलं तर तेही जातंच.

‘झपाट्याने वाढणारी झाडं खाल्लेलं भरून काढतात.’

खाण्याचा वेग आणि वाढीचा वेग यांची ही शर्यत आहे आणि मोठे मासे असलेल्या टँकमध्ये ती झाडं हरतात. टिकलीचं शेवाळ म्हणतात ते डकवीड चांगल्या उजेडात दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. तरी पाच-सहा मोठे मासे सगळा थर बघता बघता संपवतात. तेच डकवीड वेगळ्या टबमध्ये वाढवा आणि रोज थोडं टाकत जा. मग ते सजावट न राहता चारा होतं. प्रथिनं भरपूर असल्यामुळे चाराही उत्तम. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, त्यामुळे उपटण्याचा प्रश्न येत नाही. गोल्डफिशसोबत ते बऱ्यापैकी टिकतं, पण त्याचाही थोडा साठा टबमध्ये असू द्यावा.

‘मनी प्लांटची मुळं विषारी असतात.’

गंमत म्हणजे मनी प्लांटही अनुबियासच्याच कुळातला, स्फटिकही तेच. एकाला सुरक्षित आणि दुसऱ्याला विषारी म्हणायला आधार काय? पानं पाण्याबाहेर आणि मुळं पाण्यात ही पद्धत जगभर लोक वापरतात. मोठ्या शाकाहारी माशांसाठी तर मला हीच सगळ्यात योग्य वाटते, कारण पानं त्यांच्या तोंडाच्या टप्प्यातच नसतात. मुळं मात्र ते कुरतडतात. म्हणून ती फिल्टरच्या कप्प्यात किंवा काठाला टांगलेल्या जाळीच्या टोपलीत ठेवायची. पानं पाण्यात बुडवू नयेत, ती सडतात.

‘झाडं असली की पाणी बदलायला नको.’

माशांना पुरून उरणारी झाडं बहुतेक सावकाश वाढणारी, आणि सावकाश वाढणारं झाड माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेटही सावकाशच घेतं. उलट मोठा मासा घाण भरपूर करतो. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलत राहायचं, मग काठावर मनी प्लांटची कितीही मुळं लोंबत असोत.

नवीन झाड आणताना एकच आणा आणि पंधरा दिवस नुसतं बघा. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यांची जुनी पानं बुडवल्यावर तशीही गळतात. पान कडेने अर्धगोल तुटलं असेल तर तो मासा. मऊ पडून, पारदर्शक होऊन विरघळलं असेल तर माशाचा संबंध नाही. खोड घट्ट असेल तर झाड तसंच राहू द्या, नवीन पान येईल.