कोंबडी मेली हे ओळखायचं कसं

कोंबड्या आणल्या त्याच आठवड्यात मी एकीच्या मरणावर रडून मोकळा झालो होतो. अंगणात आडवी पडलेली, एक पंख पसरलेला, पाय ताणलेले, डोळे मिटलेले. मी बोंब ठोकली, पोरं धावत आली, बायको टॉवेल घेऊन आली (टॉवेल कशाला ते तिलाही माहीत नव्हतं) आणि तेवढ्यात बाई उठल्या, अंग झटकलं, सगळ्यांच्या तोंडावर धूळ उडवून चालत्या झाल्या. ही त्यांची अंघोळ म्हणे, मातीत लोळलं की अंगातल्या उवा-बिवा निघतात. अहो मग आधी सांगायचं ना कुणीतरी!

पुढे उलटं व्हायला लागलं. सकाळी दुसरीला टोचून तिचे दाणे पळवणारी ठणठणीत कोंबडी संध्याकाळी खुराड्यात थंडगार. "अहो काल तर बरी होती" हे वाक्य मी डॉक्टरांना इतक्यांदा ऐकवलंय की आता ते माझ्या आधीच म्हणतात. त्यांचं म्हणणं, कोंबडी आजार लपवते, कारण कळपात जी मलूल दिसेल तिला शिकारी आधी उचलणार आणि बाकीच्या टोचून टोचून जीव नकोसा करणार. म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत निम्मा खेळ संपलेला. थोडक्यात मेलेली दिसते तेव्हा ती मजेत असते आणि मजेत दिसते तेव्हा काही खरं नसतं.

मला वाटायचं शत्रू बाहेरून येणार. आधी साधी कोंबड्यांची जाळी लावली, ती कोंबड्यांना आत ठेवते पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही हे दोन कोंबड्या गेल्यावर कळलं. मग जाड तारेची बारीक भोकांची जाळी, ती फूटभर जमिनीत गाडली कारण कुत्रं खालून उकरतं, घारीसाठी वरून छप्पर, दाराला दोन कड्या, तुरुंग परवडला. आणि या किल्ल्यात ज्या गेल्या त्या सगळ्या आतल्या आत गेल्या. एकीचं अंडंच अडकलं. एक उन्हाने गेली, कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं हाच काय तो तिचा पंखा. एक नुसतीच गेली, कारण वगैरे काही नाही. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, लस दिली होती त्यामुळे मानमोडीने कुणी गेली नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर.

मी दोन दिवस नीट जेवलो नाही. बाकीच्या कोंबड्यांनी मात्र गेलेलीच्या अंगावरून चालत जाऊन तिच्या वाटचे दाणे संपवले आणि रात्री दांडीवरच्या तिच्या जागेवरून मारामारी केली.

परवा सगळ्यात म्हातारी, आठ वर्षांची, कोपऱ्यात पिसं फुगवून मान आत घेऊन बसली. दोन दिवस दाण्याला तोंड नाही. मी आता अनुभवी माणूस, रडलो-बिडलो नाही, संध्याकाळीच झाडाखाली खड्डा खणून ठेवला. सकाळी बघतो तर पोराने दार उघडलेलं आणि बाई खड्ड्यात आडव्या, डोळे मिटलेले. स्वतःच्या पायाने गेली बिचारी, किती ती समजूतदार! मला भरून आलं. दोन शब्द बोललो, फावड्याने हलकेच माती टाकली.

तिने ती माती पिसांत नीट घोळवून घेतली, कूस बदलली आणि दुसऱ्या बाजूवर टाकायची वाट बघत पडून राहिली.