समुद्रातील रासायनिक खुणा : एका संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातील आपल्या मराठी मंडळींच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. प्रवाहांच्या अभ्यासाच्या नावाखाली शास्त्रज्ञ ओझोनचा थर पोखरणारे वायू समुद्रात सोडतात, त्यांना ‘सेंद्रिय’ हे गोंडस नाव देतात आणि इतक्या विरळ द्रव्यावरून काही कळणे शक्यच नसते, असे त्यात म्हटले आहे. दांडिया बाजारातील काही वडीलधाऱ्यांनीही तो पुढे पाठवला, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिला आरोप वायू समुद्रात सोडण्याचा. सीएफसी-११ आणि सीएफसी-१२ हे ओझोन पोखरणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू समुद्रात कोणी ओतले नाहीत. फ्रिज, फोम आणि फवाऱ्याच्या डब्यांतून ते हवेत गेले आणि हवेतून समुद्राच्या पृष्ठभागावर विरघळले. थंड, जड पाणी खोल बुडते तेव्हा ते त्याच्याबरोबर जातात, आणि हवेतील त्यांचे वर्षानुवर्षांचे प्रमाण माहीत असल्यामुळे खोलवरचे पाणी शेवटचे हवेला केव्हा भिडले याचा अंदाज बांधता येतो. काही संयुगे मात्र मुद्दाम सोडली जातात, हे मान्य केलेच पाहिजे. २००९ साली आग्नेय प्रशांत महासागरात सुमारे १५०० मीटर खोलीवर ७६ किलो ट्रायफ्लुओरोमिथिल सल्फर पेंटाफ्लोराइड सोडले होते. सीएफसीतले ओझोन पोखरणारे क्लोरीन त्यात नाही, त्यामुळे ओझोनचा प्रश्न येत नाही. तो प्रबळ हरितगृह वायू आहे, ही हरकत मात्र रास्त आहे, म्हणूनच मात्रा किलोंत मोजली जाते. त्याच्या पसरण्याच्या मागावरूनच दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधल्या ड्रेक सामुद्रधुनीतील पाण्याची घुसळण तिच्या पश्चिमेकडील समुद्रापेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दिसले.

‘सेंद्रिय’ या शब्दात फसवणूक नाही. खताच्या पोत्यावरचा सेंद्रिय वेगळा. रसायनशास्त्रात तो कार्बनच्या संयुगांना लागतो, मग ते बेंझीन असो वा साखर. शिवाय पाण्याचा आणि त्यातील द्रव्याचा माग दाखवणाऱ्या या रासायनिक खुणांपैकी कित्येक निसर्गानेच ठेवलेल्या आहेत. आपली मही नदी खंभातच्या आखातात पाला, काडीकचरा आणि माती नेते. त्यात लाकडातील लिग्निन असते, जे समुद्रातील सूक्ष्म शैवाले बनवत नाहीत. गाळाचा नमुना अल्कलीत कॉपर ऑक्साइडसह तापवला की लिग्निन फुटून व्हॅनिलिन मिळते, आइस्क्रीमला वास देणारे तेच, आणि जमिनीवरून किती द्रव्य आले ते त्यावरून ठरवता येते.

राहिला विरळपणाचा मुद्दा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली घडवलेल्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर या अतिसंवेदनशील उपकरणाने एका किलो पाण्यातील सीएफसीचे एका पिकोमोलहूनही (मोल या रासायनिक मापाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही) कमी प्रमाण मोजता येते. १९७१-७२ मध्ये ‘शॅकलटन’ जहाजावरून अंटार्क्टिकाकडे जाताना त्यांनी हवेत आणि समुद्रात सीएफसी-११ मोजले होते. मोजणाऱ्यांना विरळपणाहून जास्त जपावे लागते ते हवेच्या स्पर्शाला. नमुन्याची बाटली डेकवर आली की सर्वांत आधी सीएफसीसाठीचे पाणी काढून घेतात, कारण बाटलीत थोडी हवा शिरली तरी मोजमाप बिघडते, आणि जहाजावरचा एखादा गळका फ्रिज तर सारे नमुने वाया घालवू शकतो.